दहा लोडिंग रिक्षा विजेवर घेताना: अक्कलकोट रोडचा हिशोब

डिझेलची लोडिंग रिक्षा रात्री कुठंही झोपते. ड्रायव्हरच्या दारात, कारखान्याच्या बोळात, नाहीतर ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या बाहेर. सकाळी टाकीत लिटरभर डिझेल असलं तरी पंप गाठता येतो. विजेच्या गाडीची झोपायची जागा ठरलेली लागते, वेळ ठरलेली लागते आणि त्या जागी रात्रभर धड वीज लागते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या दहा लोडिंग रिक्षा आणि दोन छोटे हत्ती (चारचाकी मिनी ट्रक) टप्प्याटप्प्यानं विजेवर घेताना गाड्या निवडायला सगळ्यात कमी वेळ लागला. बाकी सगळा वेळ या झोपायच्या जागेनं खाल्ला. ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी क्रमानं लिहितोय. शहर बसचा हिशोबही शेवटी जोडलाय, कारण गणित तेच आहे, फक्त शून्यं वाढतात.

पहिलं काम वहीचं. कोणती गाडी घ्यायची हे ठरवण्याआधी प्रत्येक डिझेल गाडीचे महिनाभर चार रकाने भरले: सुटताना मीटर, परत आल्यावर मीटर, दिवसातल्या सगळ्यात जड फेरीचं वजन, आणि दुपारी गाडी कुठं नि किती वेळ उभी होती. हा चौथा रकाना कुणी भरत नाही आणि पुढं तोच कामाला येतो. टॉवेलच्या धंद्यात फेऱ्यांचा साचा ठरलेला असतो. गोदामातून सुताच्या गोण्या मागावर, मागावरचा कोरा माल प्रोसेस हाऊसला, तिथून शिलाई-पॅकिंगला, आणि संध्याकाळी गाठी ट्रान्सपोर्टला. शहरात आणि अक्कलकोट रोडच्या आत फिरणारी गाडी दिवसाला ४५ ते ६० किलोमीटरच्या पुढं जात नाही. पुणे रोडच्या चिंचोळी एमआयडीसीला दोन-तीनदा जाऊन येणारी गाडी मात्र शंभरी गाठते. पहिल्या टप्प्यात असल्या लांबच्या गाडीला हात लावायचा नाही. एक गाडी रस्त्यात बसली की सगळ्या ड्रायव्हरांचं मन उडतं, आणि ते परत बसवायला वर्ष जातं.

कंपनीच्या माहितीपत्रकात ११०, १२० किलोमीटर असे आकडे असतात. ते ठराविक चाचणीतले. आपला आकडा आपण काढायचा. समजा बॅटरी ८ किलोवॉट-तासाची, म्हणजे ८ युनिटची आहे. त्यातली साधारण ९० टक्के वापरायला मिळते, म्हणजे ७.२ युनिट. भरलेली लोडिंग रिक्षा गावात किलोमीटरला ०.०७ ते ०.०८ युनिट खाते. मधला आकडा धरला तर ९६ किलोमीटर होतात. पण वीस टक्के शिल्लक ठेवूनच गाडी परत यायला हवी, म्हणून ७७. तीन-चार वर्षांनी बॅटरी ८५ टक्क्यांवर येईल असं धरलं तर ६५. गाडीचा मार्ग या ६५ वर बेतायचा, ९६ वर नाही. पहिल्या वर्षी गाडी रोज ३५-४० टक्के घेऊन परत येते, मग कुणीतरी म्हणतं, अजून दोन फेऱ्या होतात की! होतात खऱ्या. तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात होत नाहीत.

वजनाचं वेगळंच. या रिक्षांचं पासिंग साधारण ५०० किलोच्या आसपासचं. डिझेल गाडीवर ५० किलोच्या पंधरा गोण्या टाकायची सवय लागलेली, आणि तिथं इंजिन रडायला लागलं की ड्रायव्हरला कानानंच कळतं. मोटार रडत नाही. साडेसातशे किलो घालूनही ती मुकाट्यानं उचलते, त्यामुळं भार कळतच नाही. कळतो तो करंटमध्ये. ४८ व्होल्टच्या गाडीत चढावर दीडशे ॲम्पिअरच्या वर करंट जातो. तो मिनिट-दोन मिनिटं राहिला की मोटारीला वीज सोडणारा कंट्रोलर तापतो आणि स्वतःला वाचवायला ताकद कमी करतो. ड्रायव्हर सांगतो, "मालक, गाडी पुलावर बसली." गाडी बिघडलेली नसते, दहा मिनिटं सावलीत उभी केली की चालते. पण हे रोज झालं तर बॅटरीच्या मुख्य केबलचा लग, म्हणजे टोकाची धातूची कडी, सैल होतो, सैल जागा अजून तापते, आणि बोल्टाशेजारचं इन्सुलेशन तपकिरी पडतं. महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून हे लग तपासायचे आणि टॉर्क पान्यानं, कंपनीनं दिलेल्या मापानं आवळायचे. नुसत्या हाताच्या अंदाजानं आवळलेला बोल्ट एकतर सैल राहतो नाहीतर आटे खातो.

पैशाचा हिशोब किलोमीटरवर ठरतो, गाडीवर नाही. डिझेल ९२ रुपये लिटर आणि लिटरला २८ किलोमीटर धरले तर किलोमीटरला ३ रुपये २९ पैसे. विजेकडं ०.०७५ युनिट बॅटरीतून, पण चार्जर आणि बॅटरी मिळून बारा-तेरा टक्के वाटेतच जातात, म्हणून मीटरवर ०.०८६ युनिट. युनिट १० रुपयांना पडलं तर ८६ पैसे. वाचले किलोमीटरला २ रुपये ४३ पैसे. रोज ६० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस चालणारी गाडी वर्षाला सुमारे ४३,७०० रुपये वाचवते. तीच गाडी रोज ३० किलोमीटर चालली तर त्याच्या निम्मे. विजेची गाडी घेताना किमतीतला जादा फरक लाखाच्या पुढं असेल तर पहिली गाडी तीन वर्षांच्या आत तो फेडते, आणि दुसरी फेडेपर्यंत बॅटरीची वॉरंटी संपत येते. बँकेचं व्याजही यात घालायचं. जुन्या विजेच्या गाडीला पुढं काय भाव येईल हे बाजाराला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून कर्जाची मुदत आखूड आणि दर चढा मिळतो. सबसिडी हिशोबात धरायची नाही. विजेच्या गाड्यांना मदत देणारी केंद्राची फेम-२ योजना मार्च २०२४ ला संपली, तिच्या जागी पीएम ई-ड्राइव्ह ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली आणि तिच्यात दुसऱ्या वर्षी तिचाकीची मदत निम्मी करायचं आधीच ठरलेलं होतं. मिळाली तर बिलातून वजा होऊन मिळते. तेवढ्यावर गाडी परवडत असेल तर ती परवडत नाहीये.

कागदपत्रांचं काम त्यामानानं सोपं. बॅटरीवर चालणाऱ्या व्यावसायिक गाड्यांना केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनं परमिटमधून सूट दिली. ऑगस्ट २०२१ पासून नोंदणी प्रमाणपत्राची फी नाही. पीयूसी लागत नाही, थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सवलत आहे. नंबर प्लेट हिरवी, आणि माल वाहणाऱ्या गाडीला तिच्यावर पिवळे अंक. पांढरे अंक खासगी गाडीचे. फिटनेस मात्र डिझेल गाडीसारखाच लागतो. परमिट नाही म्हणजे काहीच नाही, असं समजून फिटनेस संपलेल्या गाड्या एमएच-१३ च्या, म्हणजे सोलापूरच्या, रस्त्यांवर फिरताना दिसतात. त्या गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी पहिला तोच कागद मागते.

आता वीज. इथं जरा सावकाश.

लोडिंग रिक्षेतला चार्जर साधारण ३ किलोवॉटचा, म्हणजे १३ ॲम्पिअर. दहा रिक्षांचे ३० किलोवॉट, दोन छोट्या हत्तींचे धरून ३६-३७. कारखान्याचा मंजूर भार ६५ एचपी, म्हणजे साडेअठ्ठेचाळीस किलोवॉट. दिवसपाळीला माग, कॉम्प्रेसर आणि शिलाई मिळून ३८ जातात. रात्री अकरानंतर पाहारा, दिवे आणि एक पंप धरून दहा-बारा. म्हणजे संध्याकाळी सहाला गाड्या आल्या आल्या लावल्या तर मागणी ७५ च्या घरात, कमाल मागणीचा दंड आणि मेन स्विच तापलेला. त्याच गाड्या रात्री अकराला सुरू केल्या तर जेमतेम ४८-४९. मंजूर भाराच्या काठावर. काठावर कायम राहायचं नाही, म्हणून सहा गाड्या अकराला आणि सहा अडीचला अशा दोन पाळ्या. साठ किलोमीटर फिरून आलेली रिक्षा सव्वापाच युनिट भरून घेते. शेवटच्या दहा टक्क्यांत चार्जर हळू होतो, तरी अडीच तासांत काम होतं. भार वाढवायचा अर्ज करायची गरजच पडली नाही. बहुतेक जण इथंच चुकतात: आधी लोड वाढवतात, अनामत भरतात, दरमहा जादा डिमांड चार्ज भरतात, आणि मग गाड्या रात्रीच लावतात.

भार वाढवायचाच असेल तर क्रम असा: महावितरणकडं ऑनलाइन अर्ज, जागेची पाहणी, कोटेशन, ते भरणं, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, मग मीटर किंवा सीटी (मीटरसाठी करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) बदलणं. फेब्रुवारी २०२४ च्या केंद्रीय नियमांनी महापालिका हद्दीत जोडणीची मुदत १५ दिवसांवरून ७ वर आणली, आणि मागणी केली तर चार्जिंगला वेगळी जोडणी देणंही बंधनकारक केलं. पण ही मुदत डीपीत, म्हणजे आपल्या भागाच्या ट्रान्सफॉर्मरवर, जागा असेल तेव्हाची. डीपी आधीच भरलेली असेल तर खरी वाट तिथं बघावी लागते. म्हणून अर्जाआधी आपल्या डीपीची क्षमता आणि तिच्यावर कुणाकुणाचा भार आहे हे स्थानिक अभियंत्याला भेटून विचारून घ्यायचं. वेगळी जोडणी घेतली तर वाहन चार्जिंगचा वेगळा दर लागतो. तो औद्योगिक दराशी ताडून बघताना फक्त युनिटचा भाव बघायचा नाही, स्थिर आकार आणि वेळेनुसारची सूट-अधिभार दोन्ही मांडायचे. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी सौर तासांत किमान २० टक्के स्वस्त वीज द्यायचं ठरवल्यापासून वाऱ्याची दिशा बदलली आहे. रात्रीची वीजच स्वस्त ही जुनी समजूत दरवर्षी दरपत्रक उघडून तपासावी. वहीतला चौथा रकाना इथं कामाला आला. दुपारी साडेबारा ते दोन, जेवणाच्या सुट्टीत ज्या गाड्या आवारातच उभ्या असतात, त्यांना तेव्हा दीड तास दिला की सव्वाचार-साडेचार युनिट जातात. छतावर २० किलोवॉटचं सोलर असेल तर सोलापूरच्या उन्हात दिवसाला ८० युनिटच्या आसपास निघतात. साठ किलोमीटर फिरणाऱ्या सगळ्या गाड्या त्यात भागतात, फक्त त्या दिवसा उभ्या मिळायला हव्यात.

वायरिंगला पैसे वाचवायचे नाहीत. प्रत्येक गाडीला वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. ३० मीटर अंतराला १३ ॲम्पिअरवर तिच्यात चारेक व्होल्ट पडतात; दीडच्या वायरीत अकरा पडतात, ती कोमट होते, आणि व्होल्टेज आधीच कमी असेल त्या रात्री चार्जर बंद पडतो. प्रत्येक गाडीला २० ॲम्पिअरची सी-कर्व्ह एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच) आणि ३० मिलिॲम्पिअरची ए-टाइप आरसीसीबी (अर्थिंगला वीज गळली की पडणारा स्विच). चार गाड्यांना मिळून एक आरसीसीबी घातली तर ती विनाकारण पडते. त्यात वायरमनचा किंवा गाडीचा दोष नसतो. प्रत्येक चार्जरच्या फिल्टरमधून दोन-चार मिलिॲम्पिअर अर्थिंगला जातच असतात, चौघांचे मिळून पंधराच्या पुढं गेले की ३० ची आरसीसीबी पडायला मोकळी होते. मग कंटाळून कुणीतरी ती काढून सरळ जोडणी करून टाकतो, आणि पावसात ओल्या हातानं गाडी लावणाऱ्याच्या जिवावर बेततं.

बारा गाड्या तीन फेजांवर चार-चार वाटायच्या, आणि दोन्ही पाळ्यांत वाटणी सारखी राहील असं बघायचं. जवळ पडतं म्हणून सात गाड्या एकाच फेजवर टाकल्या तर तिच्यावर ९० ॲम्पिअर जातात, तिथलं व्होल्टेज बसतं आणि शेजारच्या फेजवर चढतं. न्यूट्रल फेजच्याच जाडीची ठेवायची. स्वस्त चार्जर विजेची लाट वेडीवाकडी ओढतात, तेव्हा तिन्ही फेज सारखे असूनही न्यूट्रलमधून करंट वाहतो. निम्म्या जाडीची न्यूट्रल तापून तुटली की २३० चे ३०० व्होल्ट होतात आणि एका क्षणात सगळे चार्जर जातात.

सॉकेट ही सगळ्यात क्षुल्लक वस्तू आणि सगळ्यात जास्त जळणारी. घरातला १६ ॲम्पिअरचा सॉकेट गिझर अर्धा तास चालवायला ठीक आहे, पण सलग अडीच-तीन तास १३ ॲम्पिअर, रोज दोनदा काढ-घाल, तीही ओढून. तीन-चार महिन्यांत आतली पितळी पकड सैल होते. पहिली खूण पिनच्या भोकाभोवती दिसते: पांढऱ्या प्लास्टिकवर चहाच्या डागासारखं तपकिरी कडं. दुसरी खूण वासाची. जळकी मासळी भाजल्यासारखा वास रात्री वॉचमनला येतो आणि त्याला वाटतं बाहेरून आला. तिसरी खूण म्हणजे पिन सॉकेटमध्येच चिकटते. पहिल्या खुणेलाच सॉकेट आणि प्लग दोन्ही बदलायचे, कारण काळा पडलेला प्लग नवा सॉकेट पंधरा दिवसांत खातो. आता सगळीकडं निळे औद्योगिक ३ पिनचे सॉकेट आहेत, झाकणवाले. महाग आहेत. पण वर्षाला बारा घरगुती सॉकेट जाळण्यापेक्षा स्वस्त पडतात. आठवड्यातून एकदा चार्जिंग चालू असताना तापमान बघायच्या बंदुकीनं बाराही सॉकेट बघायचे. बाकीच्यांपेक्षा दहा अंशांनी जास्त दिसेल तो दुसऱ्या दिवशी उघडायचा.

अर्थिंगचं दुखणं इथल्या जमिनीचं आहे. पावसाळ्यात ३-४ ओहम दाखवणारा खड्डा एप्रिलमध्ये माती भेगाळली की दुप्पट-तिप्पट दाखवतो. बऱ्याच चार्जरना अर्थिंग बरोबर वाटली नाही तर ते सुरूच होत नाहीत, नुसता लाल दिवा. मे महिन्यात "सगळे चार्जर एकदम बिघडले" अशी तक्रार आली की चार्जर उघडायच्या आधी खड्ड्यात चार बादल्या पाणी घालून अर्धा तास थांबायचं. दोन वेगळे खड्डे, मध्ये तीन मीटर अंतर, आणि मार्चपासून रोज पाणी, हे वॉचमनच्या कामाच्या यादीत लिहून ठेवलंय.

पाळ्या सांभाळायला टायमर लागतो. टायमरच्या आतल्या कळीवरून थेट गाडी जोडायची नाही, ती चिकटते. टायमरनं कॉन्टॅक्टर (चुंबकावर चालणारा दणकट स्विच) चालवायचा, कॉन्टॅक्टरनं गाड्या. आणखी एक खोड अनुभवानंच कळते: मध्यरात्री दहा मिनिटं वीज गेली आणि आली, तर काही चार्जर आपोआप पुन्हा सुरू होत नाहीत, प्लग काढून परत लावावा लागतो. सकाळी सात वाजता सहा गाड्या ४० टक्क्यांवर उभ्या दिसतात. कागदावर उपाय बरेच आहेत. चालणारा उपाय एकच: रात्री एक आणि चार वाजता वॉचमननं दिवे बघायचे, हिरवा लुकलुकत नसेल तर प्लग काढून परत लावायचा आणि पाटीवर वेळ लिहायची. कारखान्याच्या जनरेटरवर गाड्या भरायचा विचार मनात येतो, पण लिटरला साडेतीन युनिट धरले तर युनिट २६ रुपयांना पडतं. त्यापेक्षा त्या दिवशी भाड्याचा टेंपो बोलवावा.

टॉवेलच्या कारखान्यात वेगळी भीती लिंटची. मागाजवळ कापसाचा तंतू हवेत तरंगतो आणि प्रत्येक सपाट जागेवर बसतो. चार्जिंगची जागा माग, सुताचं गोदाम आणि तयार गाठी यांपासून लांब, वारा बाहेर जाणाऱ्या बाजूला, आणि दर शनिवारी बोर्ड बंद करून आतलं लिंट ब्रशनं काढायचं. एअर गननं उडवलं तर ते एमसीबीच्या आत जातं. कारखान्याच्या फायर पॉलिसीत ही जागा नव्यानं लिहून घ्यायची. विमा कंपनीला न सांगता उभारलेलं चार्जिंग हा दावा नाकारायचा आयता मुद्दा होतो.

सोलापूरचा मे महिना बॅटरीसाठी वेगळा धरावा लागतो. बाहेर ४२-४३ अंश, पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त, आणि दिवसभर चालून आलेली बॅटरी आतून पन्नाशीला टेकलेली. अशा गाडीला लगेच चार्जिंग लावलं तर बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) करंट कमी करतो किंवा घेतच नाही, आणि ड्रायव्हर तीनदा प्लग काढ-घाल करून सॉकेटचं आयुष्य कमी करतो. एप्रिल-मेमध्ये दुपारचं चार्जिंग बंद ठेवून फक्त रात्रीचं ठेवलं, गाड्या पत्र्याखालून काढून लिंबाच्या झाडाखाली आणि ओट्यावर नेल्या, तेवढ्यानं तक्रारी थांबल्या. बॅटरी म्हातारी होते ती गरम आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत तासन् तास उभी राहून. म्हणून चार्जिंग संध्याकाळी संपण्यापेक्षा पहाटे पाचला संपलेलं बरं. त्याच वेळी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीला आठवड्यातून एकदा तरी शंभर टक्क्यांपर्यंत पोचून तासभर जोडलेलंच राहावं लागतं. तिच्या सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं. पूर्ण भरल्याशिवाय बीएमएसला सेल सारखे करता येत नाहीत आणि टक्केवारीचा अंदाजही चुकत जातो. रोज ८० वर काढणाऱ्या गाडीचा मीटर २५ टक्के दाखवत असताना ती उभी राहते, ती यामुळं. आम्ही रविवारची रात्र त्यासाठी ठेवली.

बॅटरी पूर्ण भरलेली आणि गाडी ढिम्म, हा प्रकार छोट्या हत्तीत जास्त. मोठी बॅटरी जोडणारा कॉन्टॅक्टर १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतो. ती उतरली की मोठीत शंभर टक्के असूनही चावी फिरवल्यावर काही होत नाही. दिवाळीत कारखाना आठ-दहा दिवस बंद, जीपीएस आणि बीएमएस त्या छोट्या बॅटरीतून थेंब थेंब पीत असतात. सुट्टीला जाताना मोठी बॅटरी ५०-६० टक्क्यांवर ठेवायची, छोटीची वायर कंपनीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणं सोडायची, आणि रिकाम्या बॅटरीवर गाडी अजिबात सोडायची नाही. वॉरंटीच्या बारीक अक्षरात "दीर्घकाळ रिकामी ठेवल्यास" अशी एक ओळ असतेच.

सुट्या भागांबद्दल थोडक्यात: टायर लवकर जातात, ब्रेक लायनर उशिरा, आणि कंट्रोलर किंवा चार्जर गेला तर तो पुण्याहून येईपर्यंत गाडी उभी. चार्जरचा एक जादा नग आणि दोन फ्यूज घरात ठेवले. बारा गाड्यांमागं एक डिझेल गाडी अजून विकलेली नाही, आणि विकायची घाईही नाही.

हेच गणित शहर बसला लावून बघा. पीएम ई-बस सेवा योजना ऑगस्ट २०२३ ला मंजूर झाली, देशभर १०,००० बस, ३ ते ४० लाख लोकसंख्येच्या शहरांसाठी. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहर साडेनऊ लाखांच्या वर आहे, म्हणजे अशा शहरांतलंच. बस ठेकेदाराच्या, पैसे किलोमीटरवर. केंद्राची मदत १२ मीटरच्या बसला किलोमीटरला २४ रुपये, ९ मीटरला २२, ७ मीटरला २०. वरचे तिकिटातून आणि महापालिकेच्या तिजोरीतून. ते वेळेवर मिळतील का ही ठेकेदाराची भीती इतकी खरी होती, की सप्टेंबर २०२४ मध्ये नुसत्या देयकांच्या हमीसाठी ३,४३५ कोटींची वेगळी योजना आणावी लागली. असल्या करारात रोजच्या ठराविक किलोमीटरची हमी असते. हमी १८० ची आणि बस धावली १४० तर उरलेल्यांचेही पैसे ठरल्या दरानं मोजावे लागतात. कन्ना चौक, नवी पेठेसारख्या गर्दीत बसचा सरासरी वेग पंधरा-सोळावर येतो. तिथं १८० किलोमीटर म्हणजे नुसतं चाकावर साडेअकरा तास. वेळापत्रक आधी, करार नंतर, हा क्रम उलटा झाला की त्याचं बिल दहा वर्षं येत राहतं.

आणि एसी. बसची मोटार किलोमीटरवर वीज खाते, एसी तासावर. ९ मीटरच्या बसचा एसी मे महिन्यात ८ किलोवॉट ओढत असेल आणि बस ताशी १६ नं सरकत असेल, तर एसीचाच वाटा किलोमीटरला अर्धा युनिट. जानेवारीत ०.८ युनिटला किलोमीटर देणारी बस मेमध्ये १.२ मागते. ३० बस, रोज १८० किलोमीटर, दहा टक्के चार्जिंगची घट, रात्रीचे सहा तास: जानेवारीत ८०० किलोवॉट, मेमध्ये १,२००. चाचणी धाव थंडीत घेऊन त्यावर ट्रान्सफॉर्मर मागवला तर पहिल्याच उन्हाळ्यात पहाटेच्या दहा बस अर्धवट भरलेल्या सुटतात. एवढ्या भाराला एचटी, म्हणजे उच्च दाबाची, जोडणी, आपला सबस्टेशन. तिथं एक मोठा ट्रान्सफॉर्मर बसवण्यापेक्षा १,००० केव्हीएचे दोन घ्यावेत. एक गेला तरी निम्म्याहून जास्त बस भरतात. दुपारी एक ते चार प्रवासी कमी असतात, तेव्हा निम्म्या बस आलटून पालटून तासभर डेपोत आणल्या तर रात्रीची मागणी बरीच उतरते. या बसच्या बॅटऱ्यांना पाण्याचं कूलिंग असतं, त्यामुळं दुपारचं ऊन त्यांना रिक्षेइतकं बाधत नाही. फक्त डेपोपर्यंतचे रिकामे किलोमीटर मोजून घ्यायचे, नाहीतर वाचवलेली वीज त्यातच जाते.

डेपोचा नकाशा काढताना डिझेल बस जशा अंगाला अंग लावून लावतात तसं चालत नाही. चार्जरची गन जड आणि तिची केबल मोजक्या मीटरची, बसचं चार्जिंगचं तोंड एकाच बाजूला. एक बस नाक पुढं करून आणि शेजारची उलटी लागली की दोघींपैकी एकीला गन पोचत नाही. त्यात पहाटे पाचची बस मागं आणि सहाची पुढं लागलेली असली की रात्री तीनला ड्रायव्हर शोधायची वेळ येते. जागेवर चुन्याचे पट्टे मारून, सुटायच्या वेळेच्या क्रमानं चार बस प्रत्यक्ष लावून, गन पोचते का हे दोरी धरून बघावं. काँक्रीटचा ओटा त्यानंतर ओतायचा.